म्योंगीची घळ

उल्लुंगदो बेटावर टॅक्सी चालवणाऱ्या बांग दोक-सूला एकच गोष्ट सोसायची नाही: आपल्या बेटाला कुणी नावं ठेवलेली. त्याने लग्न केलं नव्हतं. घरात होती ती विधवा वहिनी, सुन-रे. थोरला भाऊ माकुळ पकडायच्या होडीसकट समुद्रात गेला तेव्हा दोक-सू शाळेत होता. वहिनी माहेरी परत गेली नाही. रानातला पाला विकून तिने दिराला वाढवलं.

त्या वसंतात सोलहून एक निवृत्त जोडपं आलं. दोक-सूने त्यांना धबधबा दाखवला, समुद्रात उभे राहिलेले काळे सुळके दाखवले, विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटातलं हिरवंगार नारी खोरं दाखवलं. बाईंनी गाडीची काचसुद्धा खाली केली नाही.

"जेजू बेट याहून छान आहे," नवरा म्हणाला.

"तिथं नुसती गर्दी, साहेब."

"गर्दी आहे म्हणजे बघण्यासारखं काहीतरी असेल ना, ड्रायव्हर!"

दोघं हसली. ते हसणं दोक-सूला झोंबलं. त्याने गाडी रानाच्या कडेला घातली. "उतरा. हे मी कुणाला दाखवत नाही."

ढगांनी सदा ओली राहणारी ती घळ म्योंगी या रानभाजीच्या रुंद, लसणीच्या वासाच्या पानांनी गच्च भरली होती. याच पाल्यावर बेटावरच्या पहिल्या माणसांनी उपासमारीचा हिवाळा काढला, असं म्हणतात. वहिनी एका रोपाचं एकच पान खुडायची, पुन्हा फुटावं म्हणून जमिनीतल्या कांद्याला कधी हात लावायची नाही. ही जागा तिने फक्त दोक-सूला दाखवली होती. "पोटातलं ओठावर येऊ देऊ नकोस," एवढंच तेव्हा म्हणाली होती.

"वा! याला म्हणतात बेट!" नवरा फोटो काढत सुटला. दोक-सूची छाती फुगली. विचारलं नव्हतं तरी वाट कुठून फुटते तेही त्याने सांगून टाकलं.

खुडणीच्या दिवसांत तो वहिनीला घेऊन वर गेला. घळ डुकरांनी उकरावी तशी उकरलेली होती. कांद्यांसकट सगळं उपटून नेलेलं. वहिनी मातीत मटकन बसली. दोक-सू पाठमोरा उभा राहून झाडांकडे बघत राहिला.

तेवढ्यावरच भागलं नाही. त्याच आठवड्यात सोलच्या साहेबांचा फोन आला. "अहो ड्रायव्हर, तुमची घळ गाजली! मी फोटो टाकले, वाटही लिहिली. तुमचं नावसुद्धा टाकलंय, काळजी नको!"

बंदरावर माकुळ वाळत घालणारी शेजारीण वहिनीला म्हणाली, "कुणीतरी घरभेदी असणार गं. तुझा दीरच नाही का परक्यांना घेऊन रानोमाळ हिंडत?"

"जीभ झडेल तुझी!" वहिनी कडाडली. "माझ्या हातचं खाऊन वाढलाय तो!"

दोक-सू टोपली धरून मागेच उभा होता. तो खोकला आणि टोपली घेऊन गाडीकडे चालता झाला. मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने चमचा खाली ठेवला. "वहिनी, मीच दाखवली ती जागा."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"घळीत तू माझ्याकडे बघितलं नाहीस, तेव्हापासून."

"मग बंदरावर कशाला भांडलात?"

"घरचं उणं बाजारात मांडू?"

"रागवा तरी मला!"

"रागावून काय उगवणार आहे? जेव."

त्या दिवसापासून ती त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसू लागली, उतारूसारखी. दोक-सू आरशात बघायचा. ती खिडकीबाहेर बघत असायची.

त्याने कुठून कुठून बी जमवलं आणि घळीत पेरलं. म्योंगीचं बी फार सावकाश रुजतं, पान खुडण्याजोगं व्हायला वर्षं जातात. पुढच्या वसंतात वहिनीने स्वतःहून विचारलं, "आलं का रे काही?"

"आलंय. दोऱ्याएवढं."

"बरं," ती म्हणाली. बघायला मात्र आली नाही. त्यानेही "चला" म्हणण्याचं धाडस केलं नाही.