दोन जाळ्यांचा अर्ज

किस्से गोळा करावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या मंडळात आठवडाभर बसावं. इथं ते फ्रिजमधल्या उरलेल्या भाजीसारखे साठतात. वास सुटला की कुणाला तरी वाढावेच लागतात. आज तुमची पाळी.

मंडळ म्हणजे नंदुरबारातल्या रिटायर्ड लोकांचं 'सात्त्विक आहार, हिरवी पृथ्वी' मंडळ. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, त्यांची पत्रं टाईप करतो. ऑफिसात कूलर आहे म्हणून टिकलोय, तत्त्वाबित्त्वाचा काही संबंध नाही. अध्यक्ष भामरे सर. यांनीच मला शाळेत भूगोल शिकवला. 'धरणाचे पाच फायदे लिहा' याला मी चारच लिहिले, म्हणून भर वर्गात उभं केलं होतं.

मी टाईप केलेला पहिला अर्ज नुरजीभाऊंचा. ते नर्मदेकाठी, धरणाच्या पाण्यालगत राहतात. घर मासेमारीवर चालतं, आणि जाळ्याच्या चिंध्या झालेल्या. मंडळ डोंगरातल्या गावांना मदत देतं असं ऐकून बोट, जीप, एसटी करत आले होते. मागणी एवढीच, दोन जाळी.

सरांनी अर्ज वाचला आणि पेपरवेटखाली ठेवला. "जाळं म्हणजे हिंसा. बैठकीत घेऊ."

*

बैठकीचा विषय होता अन्नाची नासाडी. सर तासभर बोलले. ताटात काही टाकणार नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली.

त्याच आठवड्यात सरांच्या मुलीचं लग्न. वरण-बट्टी, घोटलेली वांगी. बट्ट्यांची टोपली घेऊन सर स्वतः पंगतीत फिरत होते. "ल्या ना पाव्हणा, एक बट्टी काय भारी शे!" एका म्हाताऱ्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर सरांनी हातांच्या फटीतून बट्टी आत सारली! म्हाताऱ्यानं ती ताटात तशीच सोडली.

उष्ट्याचं पिंप भरलं तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं. "ते मांडवामागे सरकव. मंडळाचे लोक यायचेत जेवायला."

*

पुढच्या बैठकीत खजिनदार पाटील काकूंनी ठराव मांडला. लांबून येणारं काही खायचं नाही, वाहतुकीनं हवा बिघडते. ठराव पास झाल्यावर त्यांनी सगळ्यांना परदेशी बदाम वाटले.

हे कुठल्या शिवारातले, मी विचारलं.

"बदाम हलके असतात रे. त्यांचा कितीसा धूर होणार?"

खाली दारात तोरणमाळची बाई गावठी आंबे घेऊन बसली होती. काकूंना म्हटलं, हे घ्या, आपल्याच डोंगरातले. तर म्हणे त्यांत अळी निघते. म्हटलं, अळी जगली म्हणजे औषध मारलेलं नाही, तुम्हाला तेच तर हवं असतं.

काकू म्हणाल्या, "शिकला असतास तर असं बोलला नसतास."

नुरजीभाऊंचा अर्ज त्या दिवशी वेळेअभावी राहिला.

*

ऑफिसखाली सलीमचाचांचं चिकनचं दुकान आहे. 'कॅरिबॅग मिळणार नाही, डबा घरून आणा' ही पाटी तिथं मी चड्डीत फिरायचो तेव्हापासूनची. मांसाहारानं पृथ्वी तापते म्हणून मंडळानं याच दुकानापुढे ठिय्या दिला. उन्हात पृथ्वीआधी सर तापले, म्हणून प्लास्टिकच्या ग्लासातलं सीलबंद पाणी मागवलं. मंडळी उठली तेव्हा रस्ताभर ग्लासच ग्लास.

चाचांनी ते पोत्यात भरले, पोतं वर आणलं आणि सरांच्या टेबलाशी ठेवलं. "सर, अगली बार डिब्बा घर से लाना."

चीड याची येते की ही माणसं बोलतात ते खोटं नसतं. पृथ्वी तापते, अन्न वाया जातं, सगळं खरं. फक्त बोलताना डोळे दुसऱ्याच्या ताटावर असतात.

*

नुरजीभाऊ दुसऱ्यांदा आले. पाणी चढलं, मासे आहेत, पण जाळ्यात राहत नाहीत, म्हणाले. मी सरांना सांगितलं, त्यांचं घर जाळ्यावर शे, एकदाचं हो किंवा नाही म्हणा. सर म्हणाले, मी स्वतः पाहणी करतो.

पाऊस सरल्यावर निघालो. सर, काकू आणि मी. आधी जीप, मग नुरजीभाऊंची बोट. घरी त्यांच्या बायकोनं माशाचं कालवण आणि भाकरी वाढली. फाटक्या जाळ्यात कधी नव्हे तो एक मासा अडकलेला, तो आमच्या ताटात आणि नुरजीभाऊ मीठ-भाकरीवर. काकूंनी नाकाला पदर लावला. सरांनी ताट सरकवून पिशवीतला चिवडा काढला. मी खाल्लं, आणि खाताना मान वर केली नाही.

परतताना बोटीत सरांना उपाय सुचला. "मासे सोडा, नुरजीभाऊ. जीवहत्या कशाला? वावरात ज्वारी लावा, तूर लावा, पोटभर खा. जाळं लागणारच नाही." त्यांनी अर्ज मांडीवर घेतला आणि पेनचं टोपण काढलं. "वावर कुठंय तुमचं? दाखवा, तसा शेरा मारतो."

नुरजीभाऊंनी बोटीचं तोंड वळवलं. दोन्ही अंगांना डोंगर आणि मध्ये पाणीच पाणी. ऐन मधोमध त्यांनी इंजिन बंद केलं. डिझेल संपलं का, काकूंनी विचारलं.

"वावर आलं, सर," नुरजीभाऊ म्हणाले. "उतरा."