बरणी स्थिर, हात हललेला

आमच्या ग्रुपमध्ये एका फोटोसाठी तीन फोटो काढावे लागतात, आणि दर तीन फोटोंमागे एक तरी किस्सा निघतो. फोटो नको झाले की पुसता येतात. किस्से पुसता येत नाहीत, म्हणून ते साठत गेले. घरी कोणी चहाला आलं की मी एखादा सांगते. लोक हसतात, मीही हसते. पण मधले काही महिने असे गेले की हसता हसता माझी नजर आमच्या ह्यांच्या उजव्या हाताकडे जायची. ते का, हे या किश्श्यांमधूनच कळेल.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघंच. खोब्रागडे सर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. शेजारच्या मंदाताई. आणि मी. रविवारी सकाळी कधी फुटाळा तलावावर जातो, कधी अंबाझरीच्या. माझी मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा कॅमेरा आणि जुना लॅपटॉप माझ्याकडे राहिला, तिथून हे खूळ लागलं. मी मॅट्रिक झालेली बाई. एचडीआर हा शब्द सरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ती रक्ताची तपासणी वाटली होती.

सरांनी सोपं करून सांगितलं. "मॅडम, तुमच्या स्वयंपाकघराचा फोटो काढला तर खिडकी पांढरी फटक येते, नाहीतर ओटा काळाकुट्ट. म्हणून तीन काढायचे. एक अंधारा, एक बरोबर, एक जास्त उजेडाचा. मग कॉम्प्युटर तिन्हींतलं चांगलं तेवढं उचलून एक फोटो करतो. अट एकच. तिन्ही होईपर्यंत कॅमेरा हलायचा नाही आणि समोरचंही कोणी हलायचं नाही. श्वाससुद्धा रोखायचा."

* * *

मंदाताईंनी हे सगळं मान डोलावत ऐकलं. मग कितीतरी रविवार त्यांची एकच तक्रार. "सर, माह्या मशीनमधी काहीतरी बिघाड हाये. एचडीआर होऊनच नाही राहिलं."

सरांनी त्यांच्या कॅमेऱ्याचं कार्ड तपासलं. प्रत्येक जागेचा एकच फोटो, मधला. अंधारे आणि उजेडाचे सगळे गायब.

"बाकीचे दोन कुठं गेले?"

"मिटवले ना. एक काळा, एक पांढराफटक. असे खराब फोटो कोण ठेवते सर? उद्या पोरीच्या सोयरिकीले कोणी आलं अन् पाहिले, तं काय म्हणतीन?"

सरांनी कार्ड परत दिलं आणि स्वतःचा कॅमेरा तलावाकडे वळवला.

* * *

त्याच मंदाताईंचा चेहरा एकदा मी एचडीआरमध्ये काढला. नवीन नवीन शिकले होते, त्यामुळे लॅपटॉपवर जे जे बटण सरकत होतं ते ते सरकवलं. आभाळ प्रलय आल्यासारखं झालं आणि मंदाताईंच्या चेहऱ्यावरची रेघ न रेघ वर आली. त्यांना मात्र फोटो आवडला. त्यांनी तो उमरेडच्या भावाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने भाऊ हजर. हातात शहाळी, सोबत वहिनी, वहिनीच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालं वं बाई तुले? काहून नाही कळवलं?"

मंदाताई अंगणात वाळवण घालत होत्या. म्हणाल्या, "मले काही नाही झालं. हे सारं ह्या बाईनं केलं."

शहाळी आम्ही सगळ्यांनी मिळून प्यायली. भाऊ जाताना मला म्हणाला, "ताई, माहा फोटो नका काढू बरं."

तेव्हा मी खूप हसले होते. पण मनात आलं, जे साध्या डोळ्याला दिसत नाही ते हा कॅमेरा वर काढतो की काय?

* * *

आमचे हे कॅरम उत्तम खेळतात. त्यांचं जरीपटक्याला बांगड्यांचं दुकान आहे. बायकांच्या हातात काचेची बांगडी चढवता चढवता त्यांची बोटं इतकी हलकी झाली आहेत की राणी त्यांच्या स्ट्रायकरला नाही म्हणत नाही. रोज संध्याकाळी मंदाताईंच्या समोरच्या खोलीत डाव पडतो. एका बाजूला हे आणि सर, दुसऱ्या बाजूला मंदाताई आणि त्यांचे मिस्टर भाऊराव.

बोर्डावर लोंबणारा दिवा आणि भोवती अंधार. एचडीआरसाठी याहून चांगलं काय मिळणार? मी कॅमेरा तिपाईवर, म्हणजे त्याच्या तीन पायांच्या स्टँडवर लावला. सरांनी हुकूम सोडला, "श्वास रोखा." चौघं आपापला हात बोर्डावर ठेवून पुतळ्यासारखे बसले.

घरी येऊन तिन्ही फोटो एकत्र केले. सुंदर आला होता. दिव्याची तार दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. फक्त ह्यांचा उजवा हात धुरासारखा आला होता. एका मनगटाला दोन-तीन पंजे.

सर म्हणाले, "याला भूत म्हणतात. काही हललं की असं होतं. तुमची तिपाई हलली असेल, मॅडम."

मी म्हटलं, "हो सर." पण तिपाई हलली असती तर कॅलेंडर कसं वाचता आलं असतं?

* * *

नंतर मी तिपाईला वीट बांधली. पंखा बंद करून फोटो काढला. दुपारी हे पेपर वाचत बसले की मी वारा नको म्हणून दार ओढून घेऊन फोटो काढायची. शेवटी लोणच्याची बरणी आणून त्यांच्या हाताशेजारी ठेवली. बरणीच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात 'कवठ' लिहिलेलं आहे. ते स्पष्ट येतं का बघायचं होतं.

ह्यांनी पेपर खाली केला. "बरणीचे फोटो काढून राहिली का माहे?"

"दोघांचे."

"मंग बरणीले सांग, हासून बस म्हनावं."

फोटोत 'कवठ' चक्क वाचता आलं. शेजारी धूर.

मी जवळ बसून म्हटलं, "अहो, एकदा डॉक्टरला दाखवू या का?"

"काहून? तुह्या तिपाईचं दुखनं अन् डॉक्टर माहा?" असं म्हणून त्यांनी हात पेपरखाली घेतला.

त्या आठवड्यात मी दुकानात गेले होते. एक बाई बांगड्या भरायला आली, तर ह्यांनी बांगड्या तिच्यापुढे सरकवल्या. "ताई, तुमीच चढवून घ्या जी. आता सारे सोताच भरतेत." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. काउंटरखाली फुटलेल्या काचांची टोपली होती. मी तिच्याकडे न बघता घरी आले, पण ती टोपली माझ्यासोबतच घरी आली.

* * *

सरांना कोणी अडचण सांगितली की ते उपाय सांगितल्याशिवाय उठत नाहीत. रविवारी त्यांनी माझा लॅपटॉप पुढे ओढला. "मॅडम, भूत काढायचं बटण असतं यात. हललेलं सोडून देतो आणि एकाच फोटोतला हात घेतो. बघा."

बटण दाबलं. ह्यांचा हात एकदम स्वच्छ. नखं दिसली, अंगठी दिसली. मंदाताईंनी टाळी वाजवली.

मी मात्र ते बघून घाबरले. हात हलतो हे दिसलं तेव्हा जितकी घाबरले नव्हते, तितकी.

घरी ह्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "पाहाय, झाला ना बरा. अन् तू डॉक्टर डॉक्टर करत होती."

पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कॅरमला जाणं सोडलं. म्हणाले पाठ धरली आहे. मग म्हणाले डास फार. मग काहीच म्हणाले नाहीत. संध्याकाळ झाली की समोरून सोंगट्या फुटल्याचा आवाज यायचा आणि हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी डॉक्टरांकडे नंबर लावला आणि रद्द केला. पुन्हा लावला, पुन्हा रद्द केला. फोन घेणारी मुलगी माझा आवाज ओळखू लागली. "काकू, या वेळेस नक्की ना?"

* * *

शेवटी मी मंदाताईंना सांगितलं. वाळवणाच्या चादरीची दोन टोकं धरून आम्ही उभ्या होतो, तेव्हा सांगितलं. त्यांनी माझ्या हातातलं टोकही घेतलं, चादरीची घडी घातली आणि थेट घरात गेल्या.

त्या संध्याकाळी दार वाजलं. भाऊराव डोक्यावर कॅरम बोर्ड घेऊन उभे, मागे मंदाताई पावडरचा डबा घेऊन, त्यांच्या मागे सर.

"आमच्या खोलीतला लाइट गेला," मंदाताई म्हणाल्या. समोर त्यांच्या खिडकीत लख्ख उजेड दिसत होता.

हे हातावर पेपर पसरून बसलेले, उठायला तयार नव्हते. भाऊरावांनी सरळ त्यांच्या खुर्चीसमोरच बोर्ड मांडला. सर म्हणाले, "डाव नंतर. आधी फोटो. मागचा मॅडमचा बिघडला होता. हात बोर्डावर ठेवा सगळ्यांनी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिपाईची वीट नीट करत राहिले. खूप वेळाने त्यांनी उजवा हात पेपरखालून काढून बोर्डाच्या कडेवर ठेवला.

"श्वास रोखा," सर म्हणाले. "कोणी हलायचं नाही."

मी बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. तीन वेळा खट्ट झालं.

लॅपटॉपवर तिन्ही एकत्र केले. भुताच्या बटणाला हात लावला नाही. बोर्डावर पावडरचा कण न कण दिसत होता. राणी मधोमध, लाल. कपाटातली कवठाची बरणीसुद्धा वाचता येत होती. आणि बोर्डाच्या चारही बाजूंनी धूर. सरांचा हात, भाऊरावांचा हात, ह्यांचा हात. मंदाताईंना तर दोन्ही हातांचे मिळून पाच पंजे.

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुमची तिपाई हलली."

"हो सर," मी म्हटलं.

ह्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. एकेक हात मोठा करून पाहिला. मग त्यांनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला आणि स्ट्रायकर उचलला.

"डॉक्टरकडं जाताना हा फोटो नको आनू वं," ते म्हणाले. "तो चौघाइलेबी भरती करून घेईल."