फोन लावा, विचारा, बरी आहे का

स्लाइड्स ठेवायला आमच्या उल्हासनगरच्या लॅबमध्ये खोके आहेत, त्यांवर नंबर आहेत. किश्शांना मात्र खोका नाही. ते चहाच्या टेबलावर साठतात आणि कुणी नवीन माणूस आला की एकदम अंगावर येतात!

यातले बहुतेक एकाच कामातले. आमच्या प्रधान मॅडम पॅथॉलॉजिस्ट, मी त्यांची ज्युनियर. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या दुर्मिळ गाठी हा मॅडमचा जन्माचा विषय. अशी गाठ एखाद्या सर्जनला आयुष्यात एक-दोनदाच दिसते. मग उपचार बरोबर होता की नाही, हे कळणार कसं? मॅडमचं उत्तर सोपं. "जुन्या पेशंटना फोन लावा. विचारा, बरी आहे का."

पहिल्याच दिवशी आमच्या टेक्निशियन दिलीपने गोड आवाजात सुरुवात केली, "नमस्कार, लॅबमधून बोलतोय, आपली तब्येत..."

"ओटीपी देणार नाही!" फोन बंद.

दुसऱ्या बाईंनी त्याला, आईने शिकवलं नाही का, इथपासून ऐकवलं. दिलीपने शांतपणे विचारलं, "मॅडम, शिव्या कुठल्या कॉलममध्ये भरू?"

बदलापूरजवळच्या गावातल्या एक आजी लागल्या. ठणठणीत होत्या. म्हणाल्या, "बरी हाय गो बाय. पन तवा रिपोट कनाला एवरा उशिरा दिलास?"

उशीर झाला होता खरा. गाठ विचित्र होती म्हणून आम्ही स्लाइड्स मुंबईला दुसऱ्या मतासाठी पाठवल्या होत्या. आम्ही त्याला काळजी म्हणत होतो. आजी तेवढे दिवस घरात बसून काय म्हणत असतील, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मॅडम म्हणाल्या, "लिहून ठेव. हासुद्धा फॉलोअपच आहे."

अंबरनाथला एका काकूंच्या मिस्टरांनी फोन उचलला. "ती बरी आहे. पण सुनेला यातलं काही माहीत नाही. परत फोन करू नका."

थोड्या वेळाने काकूंचाच फोन! "पिठाच्या गिरणीवर आलेय. आता विचारा काय ते."

गिरणीच्या घरघरीत त्यांनी सगळी उत्तरं ओरडून दिली. अख्ख्या गल्लीला कळलं असेल, सुनेला सोडून! शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्यासारखी गाठ आणखी कुणाला झालीय का हो?"

"झालीय, काकू."

"मग बरं. म्हणजे, बरं नाही... पण मला वाटायचं, मी एकटीच."



मनीषाचा फोन मात्र लागत नव्हता. आठ-नऊ वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना तिच्या एका अंडाशयातली गाठ काढली होती. रिपोर्ट कॅन्सरचा. सर्जन म्हणाले, पुन्हा उघडतो, गर्भाशय आणि दुसरं अंडाशयही काढतो, धोका नको. मॅडमनी त्यांना फोन केला. "कॅन्सरची ही जात केमोला ऐकते. बाकी सगळं राहू द्या. पोरगी लहान आहे." सर्जननी ऐकलं. केमो झाली, आणि पुढे मनीषा तपासणीला यायचीच थांबली.

रोज सकाळी मॅडम विचारायच्या, "ती लागली का?" एकदा स्वतःशीच म्हणाल्या, "परत आला असेल आजार, तर तो माझ्या सांगण्यामुळे."

शेवटी एकदा लागला, तर तिच्या केसपेपरवरचा नंबर निघाला उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमधल्या एका कापड दुकानाचा! दुकानदार सिंधी, मोठा मायाळू माणूस. "अरे बेटा, मनीषा? उसके पापा हमारे यहाँ थे. वो लोग तो कबके बदलापूर शिफ्ट हो गए. रुको, मामा का नंबर है." मामाने तिचा नंबर दिला, पण घाईत होता. तिच्याबद्दल विचारायच्या आत त्याने फोन ठेवला.

मी नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. मॅडम मायक्रोस्कोपवर वाकलेल्या होत्या, पण स्लाइड हलत नव्हती.

"हॅलो, मनीषा आहेत का?"

"आई गच्चीवर कपडे वाळत घालतेय," पलीकडून एक बारीक आवाज आला. "तुम्ही कोण?"

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. "तुझं नाव काय गं बाळा?"

"आधी तुमचं सांगा!"

"सुधा," मॅडम म्हणाल्या. डॉक्टर नाही, प्रधान नाही, नुसतं सुधा.

"आईला हाक मारू?"

"नको. होऊ देत तिचे कपडे. मी थांबते."