ओहोटीत अडकलेली परीक्षा

…तर बोट चिखलात रुतली, इथपर्यंत काल आलो होतो. बोट माझ्या साडूची, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. आणि त्या बोटीत खुद्द जंगलखात्याचे साहेब बसले होते, हे सांगायचं राहूनच गेलं.

साडूने उभा जन्म त्या खाडीत खेकडे धरले. पलीकडे शहराच्या उंच इमारती, अलीकडे खारफुटीचं जंगल. पुढे जंगल राखीव झालं, खेकडे धरणं बंद झालं. शहरातली माणसं पक्षी बघायला येऊ लागली, त्यांना फिरवायला वाटाडे हवे झाले. वाटाड्याचा बिल्ला मिळाला तर ठीक, नाहीतर साठाव्या वर्षी कुठल्यातरी इमारतीखाली पहारेकरी होऊन स्टुलावर बसायचं. त्या दिवशी साहेब आणि पक्षी बघायला आलेली काही माणसं घेऊन केलेली फेरी म्हणजे बिल्ल्याची परीक्षा. मेहुणीने निघताना बजावलं होतं, साहेबांच्या हो ला हो करा, शहाणपण घरी ठेवून जा.

सुरुवात झकास झाली. मग खाडीच्या एका चिंचोळ्या फाट्यात फांदी पाण्यावर आडवी, आणि तिच्या टोकाला घरट्यातून घसरलेलं बगळ्याचं पिल्लू. बोट वळवायला जागा नाही. साडूने इंजिन बंद केलं. साहेब म्हणाले, बांबूने फांदी ढकला. हा म्हणाला, चढेल ते, थोडं थांबू. पिल्लू कसलं चढतंय! दोन पावलं वर, एक खाली, मध्येच पंख पसरून विश्रांती. आमची पोरं अभ्यासाला बसायची ना, अगदी तसं. चाळीस मिनिटं गेली. भरती-ओहोटी ज्याच्या अंगात भिनलेली, तो गडी पिल्लाकडे बघता बघता ओहोटी विसरला! पिल्लू घरट्यात पोचलं, तेव्हा बोटीखाली पाणीच उरलं नव्हतं.

आता पुढची भरती येईपर्यंत बसा. साहेबांची शहरात मीटिंग, फोनला रेंज नाही. साडूची मान वर होईना. बोटीतल्या एक बाई तेवढ्या म्हणाल्या, "मुक्कामच करायचा होता तर आधी सांगायचं ना दादा, उशी आणली असती."

तासाभराने चिखल हलायला लागला. बिळाबिळांतून खेकडे बाहेर आले आणि आमच्या अबोल साडूला कंठ फुटला. कोणता खेकडा कोणाच्या बिळात घुसतो, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळी भाऊबंदकी त्याने सांगितली. लोक हसून बेजार. साहेब मात्र वहीत काहीतरी लिहीत होते.

चौथ्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. मीही गेलो, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. साहेबांनी कागद पुढे ओढला, पण सही करेनात. म्हणाले, तुम्हाला माहिती भरपूर आहे, पण ओहोटी चुकवणाऱ्याच्या हाती माणसं कशी सोपवू? पुन्हा असं पिल्लू आडवं आलं तर काय कराल?

मी टेबलाखालून साडूचा पाय दाबला. काही उपयोग झाला नाही. त्याने दिलेलं उत्तर साहेब हल्ली नव्या वाटाड्यांना शिकवताना जसंच्या तसं ऐकवतात, आणि साडू बिल्ला लावून शेजारी खाली बघत उभा असतो:

"थांबणार, साहेब. ओहोटी विसरलो ही चूक माझी, यापुढे असल्या फाट्यात चढत्या पाण्यातच शिरेन. पण पिल्लाला बांबूने ढकलायचं असेल, तर तो बिल्ला तुम्हीच लावा."