आप्पांची हरकत

आप्पांच्या खिडकीत पितळी तांब्या आणि चार पेले कायम भरून ठेवलेले असत. दुपारच्या उन्हात रस्त्याने भाजीवाली जावो की पोस्टमन, आप्पा आतून हाक मारत, "पाणी पिऊन जा की." पेला ते हातात देत, वरून धार कधी धरत नसत. आमची ओळख मात्र भांडणाने झाली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालं होतं. मच्छे गावातल्या कारखान्यात मी फिटर होतो आणि हिंडलग्यात तिघा दोस्तांबरोबर एका खोलीत राहत होतो, म्हणून बायको अजून निपाणीला माहेरीच होती. बेळगावच्या कॅम्पात आप्पांच्या शेजारी जुना बंगला होता. त्याचे चार भाग करून, मोठ्या सागवानी खिडक्यांच्या जागी बारक्या लोखंडी बसवायचं मालकाने ठरवलं. एक भाग त्याने मला कबूल केला. त्या रांगेतल्या घरांना असं काही करायचं तर कॅम्पाच्या ऑफिसात अर्ज द्यावा लागे आणि आजूबाजूच्यांना हरकत घेता येई. तोवर कुणी घेतली नव्हती. आप्पांनी घेतली, फुलस्केपचे तीन कागद भरून.

मी तणतणत त्यांच्या खिडकीपाशी गेलो. "तुमच्यामुळं माझी बायको माहेरी बसलीय."

"व्हय, ठावं हाय मला. आदी पाणी पी."

आप्पा बांधकाम खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. मी पाणी संपवेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "ह्या समद्या रांगेतल्या खिडक्यांचं सागवान माझ्या बानं डोक्यावरनं आणलं. तहान लागली की ह्याच खिडक्यांतनं त्याच्या वंजळीत वरनं पाणी ओतायचे. उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं न्हाय."

"मग असल्या खिडक्या राखायच्या कशाला?"

"आता आत कोण बसलंय ते रस्त्यावरनं दिसू दे की," आप्पा हसले. "बारक्या केल्या तर दिसंल व्हय?"

मी पेला खिडकीत ठेवला आणि निघालो. मालकाचा अर्ज फेटाळला गेला त्याच दिवशी आप्पा सायकल मारत हिंडलग्याला आले. "तुझं घर मी घालवलं. तवा आता आमच्यात या. तुझी काकी गेल्यापास्नं दोन खोल्या रिकाम्या हायत. फकस्त मधी भिंत घालायची न्हाय."

भिंत नाही, एकच चूल, एकच दार. असे आम्ही बरीच वर्षं राहिलो. बायकोने मधल्या चौकटीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला. तिसऱ्या दिवशी आप्पांनी ऑफिसात लेखी विचारलं, पडदा लावणं म्हणजे घराचे भाग पाडणं होतं काय. उत्तर आलं नाही. "आलं न्हाय म्हंजे मंजूर," आप्पा म्हणाले आणि पडद्यापलीकडून खाकरून त्यांनी चहा मागितला. माझ्या वडिलांवरही मी इतकी माया केली नसेल.

ऐंशीचं दशक सरता सरता एका दुपारी ते खिडकीतल्या खुर्चीतच गेले. तांब्या भरलेला होता.

घर पुतण्याकडे गेलं. माणूस सज्जन. तो म्हणाला, "दोन भाग करतो. पुढचा तुम्हीच घ्या. सोतंत्र दार आन् नव्या पद्धतीची लहान खिडकी." कधीकाळी ज्यासाठी मी भांडायला गेलो होतो, ते समोरून चालत आलं होतं. आणि नको म्हटलं तर बाहेर पडावं लागेल, हेही उघड होतं. पुतण्या गेल्यावर बायकोने पडदा सारला आणि तीन कोरे फुलस्केप कागद माझ्यापुढे ठेवले.

आप्पांचे कागद घेणारा ऑफिसातला कारकून आता म्हातारा झाला होता. त्याने माझ्या हरकतीचं पहिलं पान वाचलं, चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आप्पा वारले म्हणून ऐकलतं की मी," तो म्हणाला आणि कागदावर शिक्का मारला.