खिडकीतल्या माशा

चहा फार गोड झाला असं तुम्ही म्हणालात, तरी आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर विचारणार, "कशावरून?" समोरचा माणूस चहाच सोडून द्यायचा. मी मराठी शिकवतो. आमच्यात पुराव्याची पद्धत नाही, म्हणूनच आमचं जमलं असावं.

डोणगावकडच्या आमच्या गावात मोबाइलचा टॉवर येणार म्हणून बोंब उठली. विरोधात सर्वांत पुढे सरांचे थोरले भाऊ, कारण त्यांना सरपंच व्हायचं होतं. आईवडील गेल्यावर त्यांनीच सरांना शिकवलेलं. दादा म्हणाले, "त्या फोननं काय होते, ते दाखव लोकाइले."

सरांनी केळावरच्या बारक्या माशा दोन बाटल्यांत पाळल्या. एका बाटलीला फोन बांधून तो दिवसभर चालू ठेवला, दुसरी कपाटात. आठवड्यात फोनवाल्या माशा सफाचट! माशा मेल्याचा एवढा आनंद मी फवारणीच्या दिवशीही पाहिला नव्हता. बॅनर लागला. त्यावर बैलाएवढी माशी, शेजारी हात जोडलेले दादा.

सरांना तेवढी शंका आली. गावात टॉवर नाही, म्हणून रेंज फक्त खिडकीत यायची. फोनची बाटली तिथेच, चैत्राच्या उन्हात. त्यांनी बिनफोनाची तिसरी बाटली खिडकीत ठेवून पाहिली. त्याही माशा गेल्या.

"खरं बोललो तं दादा तुटते," ते मला म्हणाले.

तरी बोललेच. भरसभेत, गळ्यातला हार काढून. "चूक माही हाय. माशा फोननं नाई, उन्हानं मेल्या. फोनचं काय होते, ते मले अजून माहीत नाई."

"मेल्या ना पन?" दादा कडाडले. "मंग उन्हाचं नाव काऊन काढतं बे?"

लोक म्हणाले, मास्तर विकला गेला. कशावरून, हे कोणीच विचारलं नाही.

दादा निवडून आले. वर्षभरात टॉवर उभा राहिला, तोही दादांच्याच शेतात. आता म्हणे त्याच्या आजूबाजूला हरभरा झकास येतो! सरांशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं. सर बदली मागून सुलतानपूरला गेले. मला त्या दादाचा राग येतो, अजून येतो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी सरांकडे गेलो. पितरांचा घास ठेवून झाला होता, पुरणपोळी आणि आमरस तयार होता, पण सर ताटावर बसेनात.

"दादाले निरोप धाडला हाय," म्हणाले. "आजच्या दिवशी आमी संगंच बसतो."

आमरस काळा पडायला लागला, तेव्हा आम्ही दोघंच जेवलो. तिसरं ताट सरांनी वाढलं आणि झाकून ठेवलं.