साक्षीदार म्हणून माझी सही

साहेबांच्या केबिनमध्ये चार खुर्च्या रिकाम्या होत्या. रेखा दारातच उभी होती. नवरा जाऊन तिसरा दिवस. तिच्यामागं तिची म्हातारी सासू, भिंतीला हात टेकून. साहेब म्हणाले, "तिथं खाली बसा. खुर्च्या अशिलांच्या आहेत." दोघी बसल्या. फरशीवर, चपलांच्या शेजारी.

मी तिथंच होते. दाराला लागूनच, कॉम्प्युटरसमोर, खुर्चीवर.

साहेब म्हणजे वकील. सोलापुरात कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं ऑफिस, कामं सगळी कारखानदारांची. मी त्यांच्याकडं नऊ वर्षं टायपिस्ट. दुसऱ्या टायपिस्टला ते मॅडम म्हणायचे, मला बाई. तिचा चहा कपातून यायचा, माझा कागदी ग्लासातून. मी स्वतःची समजूत घालायचे की कागदी ग्लास स्वच्छ असतो, कुणाचा उष्टा नसतो. एवढी मी शहाणी.

त्या दिवशी साहेब माझ्याकडं वळले आणि त्या दोघींच्या देखत म्हणाले, "बाई, तुमच्यातल्याच आहेत ना या? मग तुम्हीच समजवा. आमचं बोलणं यांच्या डोक्यात शिरायचं नाही."

खरं सांगते, मला राग आला नाही. बरं वाटलं. साहेबांचं आपल्यावाचून अडलं, याचं बरं वाटलं. त्या वाक्यात माझीही लायकी काढली होती, आणि मी उठून, पदर सावरून, हसऱ्या तोंडानं पुढं गेले. लाज आज वाटते. तेव्हा वाटायला पाहिजे होती.

रेखाचा नवरा बबन. मूळचा केम गावचा. सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता, कंत्राटी. टॉवेलच्या घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, गाडीत चढवायचे. एक दिवस कारखान्यातल्या संडासाची टाकी तुंबली. उपसायची गाडी यायला वेळ लागणार होता. मुकादम पॅकिंगच्या खात्यात गेला आणि तिथल्या सगळ्या माणसांतनं बरोबर बबनला उठवलं. "तुमच्याकडचंच काम हाय की," म्हणाला. बबनच्या घरात हे काम कुणी केलेलं नव्हतं. बाप रेल्वेच्या लायनीवर खडी टाकायचा. पण मुकादमाला बाप काय करायचा हे कुठं बघायचं होतं, त्यानं आडनाव बघितलं. दोरी दिली नाही, तोंडाला बांधायला काही दिलं नाही. बबन उतरला तो वर आलाच नाही. आतल्या गॅसनं गेला.

हे सगळं मला माहीत होतं. फाईल माझ्याच टेबलावर होती. चार-पाच दिवसांनी पोस्टमार्टमचा रिपोर्ट आला, तोही मीच फायलीला लावला. पोटात दारूचा वाससुद्धा आढळला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं आणि पंच मशीननं भोकं पाडून कागद लावून टाकला.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये असल्या कामासाठी एक मसुदा तयारच होता. नाव बदलायचं, वय बदलायचं, गाव बदलायचं. बाकी तेच. मयत हा मद्यधुंद अवस्थेत, मनाई असताना, स्वतःच्या मर्जीने सदर ठिकाणी गेला. वारसांची कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही. टेंभुर्णीच्या एका वेल्डरचा असाच टाईप केला होता. कुर्डुवाडीच्या एका हेल्परचाही केला. आणखी होते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मेलेला प्रत्येक माणूस दारुडा होता. मी चहा पीत पीत टाईप केलंय ते.

बबनचा असाच टाईप केलेला कागद मदतीचा आहे, एवढंच मी त्या दोघींना सांगितलं, तरी त्या दिवशी ऑफिसात रेखानं सही केली नाही. भावकीला विचारल्याबिगर करणार न्हाय म्हणाली. साहेब वैतागले. आणि तेव्हा मी पुन्हा तोंड उघडलं. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, जलदान विधीच्या दिवशी जाऊ. भावकी तिथंच जमलेली असते.

ही युक्ती माझी. साहेबांना जलदान विधी म्हणजे काय हे माहीतसुद्धा नव्हतं. आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं हा विधी होतो. फोटोसमोर मेणबत्त्या लावतात, वंदना होते, मग एकेकजण उठून आदरांजली वाहतो, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. आणि जो त्या फोटोपुढं उभा राहून बोलला तो आपला. त्याच्या शब्दावर त्या दिवशी कुणी शंका घेत नाही. हे मला माहीत होतं, कारण मी त्यातच वाढले. आतली गोष्ट आतल्या माणसानं नेऊन विकली.

विधी केमला होता. रेल्वेनं गेले. पर्समध्ये स्टॅम्प पेपर, शाईचा पॅड आणि कारखान्यानं दिलेलं पाकीट. पांढरी साडी नेसले होते. सगळ्यांबरोबर खाली बसले, हात जोडले, पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. मी मोठ्यानं म्हटलं, शेजारच्या बायांना ऐकू जाईल असं. पाचवं नशापाण्याचं, तेही म्हटलं.

मग आदरांजली. दोघातिघांनी सांगितलं की बबननं आयुष्यात दारूला हात लावला नाही, वस्तीतल्या पोरांना लावू दिला नाही. माझी पाळी आली. सोलापुरातनं शिकलेली बाई आली म्हणून मला आग्रहानं उठवलं. मी उभी राहिले आणि बोलले. बबनदादा निर्व्यसनी होते, कष्टाळू होते, असा माणूस आपल्या समाजाला पाहिजे होता. बाया रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं, हीच तर घाण आहे.

त्यानंतर अर्ध्या तासात मी स्टॅम्प पेपर काढला. भावकीतल्या थोरांना म्हटलं, कारखान्यानं विधीला मदत पाठवलीय, ती मिळाल्याची सही पाहिजे. त्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारबाबा तर म्हणाले, आपली लेक घेऊन आलीय, मग वाचायचं काय त्यात. रेखानं पेन हातात घेतलं. कागदाकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

"ताई, तुमी वाचलंय न्हवं?"

"व्हय, वाचलंय."

तिनं सही केली. म्हातारीचा अंगठा मी माझ्या हातानं धरून टेकवला. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. मग म्हातारी म्हणाली, उपाशी जाऊ नको, पोरी. पंगतीत बसवलं. आमटी वाढली, भात वाढला, अजून घे म्हणाली. मी घेतला. पोटभर जेवले आणि परतीची गाडी पकडली.

दीडेक महिन्यानं रेखा ऑफिसला आली. हातात त्या कागदाची झेरॉक्स. मुकादमानं दिली होती, तोंड बंद राहावं म्हणून. साहेब आत होते, दार उघडं होतं. ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली. म्हणाली, पोरगी सहावीत हाय, तिनं ह्यो कागद वाचला, तिला एक शब्द कळला न्हाय म्हणून तिनं शाळेत बाईंना विचारला. तवापासनं पोरगी जेवंना झालीया.

"ताई, मद्यधुंद म्हंजी काय?"

कागद मीच टाईप केलेला, शब्द माझाच. उत्तर आतनं आलं.

"दारू प्यालेला," साहेब म्हणाले. "अगं, प्यायल्याशिवाय तुमच्यातलं कोणी उतरतं का त्या घाणीत? बाई, सांगा तिला. तुमच्या घरात पण असेलच की एखादा."

आत कुणी अशील बसला होता, तो हसला.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर थेंबाला शिवलं नव्हतं. ते आठवलं, नाही असं नाही. पण मी उठले ती वडिलांसाठी उठले असं सांगितलं तर ते आणखी एक खोटं होईल. रेखानं साहेबांकडं मान वळवलीच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. तिला अजून वाटत होतं, ताई बोलंल. पोरगी घरात नीट जेवत नव्हती, आणि ही बाई माझ्यावर भरवसा ठेवून उभी होती. मला ते सोसलं नाही.

मी दारात गेले. म्हटलं, "साहेब, तो प्यालेला नव्हता. रिपोर्ट तुमच्या फायलीत आहे. मीच लावलाय."

साहेबांनी चष्मा काढला. मला अरे-तुरे कधी केलं नव्हतं, तेवढी सभ्यता होती. ती गेली. "कुणाच्या पगारावर बोलतेस?"

"तुमच्याच. त्याच पगारावर खोटं लिहिलं. आता लिहिणार नाही."

मग मी रेखाकडं वळले आणि ऑफिसभर ऐकू जाईल असं सांगितलं. कारखान्यात माणूस मेला की वारसांची भरपाई मालकानं कामगार न्यायालयात भरायची असते. परस्पर हातात टेकवलेलं पाकीट भरपाईत धरत नाहीत. हक्क सोडला म्हणून सही घेतली तरी कायद्यापुढं ती सही टिकत नाही. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. निष्काळजीपणानं माणूस मारला म्हणून पोलीस केस वेगळी. संडासाच्या टाकीत साधनं न देता माणूस उतरवणं हाच मुळात गुन्हा, त्याला स्वतंत्र कायदा आहे. जात बघून उतरवला, म्हणून ॲट्रॉसिटी. ठाण्यात घेत नसतील तर लेखी अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडं, तिथंही नाही झालं तर कोर्टात. आणि वकिलाला पैसे नसले तरी बाईमाणसाला कोर्टातनं फुकट वकील मिळतो, त्याचं ऑफिस इथनं हाकेच्या अंतरावर आहे.

हे सगळं मला नऊ वर्षं तोंडपाठ होतं. समोरच्या बाईला यातलं काय काय कळू द्यायचं नाही, त्यासाठी पाठ करून ठेवलेलं.

खाली जिन्यात आल्यावर रेखा माझा हात धरायला लागली. मी काढून घेतला. म्हटलं, थांब, आधी ऐक. विधीला आले तेव्हा कागदात काय आहे ते मला माहीत होतं. टाईप मीच केला होता. रिपोर्टही वाचला होता. विधीच्या दिवशी जाऊ, हेही मीच सुचवलं.

ती पायरीवर बसली. हातातल्या झेरॉक्सची घडी घातली. मग तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी आमच्यात जेवलीस, तवा पण तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

इतके दिवस ती मला तुमी म्हणत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. "माफी नगं. मी काय करू तुझ्या माफीचं? तितं बोल. त्यांच्यासमोर बोल."

तिनं मला माफ केलेलं नाही. आजही कोर्टात भेटते तेव्हा कामापुरतं बोलते. म्हातारी तर माझ्याकडं पाठ करून बसते. बरोबर आहे त्यांचं.

कामगार न्यायालयात दावा लागला. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा आम्हाला बसवून ठेवून परत पाठवलं, मग लेखी अर्ज केला, आता गुन्हा दाखल आहे. फुकट मिळालेली वकील तरुण पोरगी आहे, चुणचुणीत. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, मावशी, भरपाईच्या दाव्यात त्या कागदाला फार किंमत नाही, पण फौजदारीत कारखानावाले तोच कागद नाचवणार. तुमचं म्हणणं पाहिजे. मात्र खोट्या कागदावर साक्षीदार तुम्हीच आहात. तुम्हीसुद्धा अडकू शकता, नीट विचार करा.

विचार कसला करायचा. कोर्टाच्या दारातल्या टायपिंगच्या टेबलावर गेले, त्या माणसाला उठवलं आणि माझं प्रतिज्ञापत्र मीच टाईप केलं. कुठलाही मसुदा उघडला नाही. मला माहीत असताना मी खोटं सांगितलं, असं लिहिलं. मयत दारू पीत नव्हता हे ठाऊक असताना तो प्यालेला होता अशा कागदावर वारसांची सही घेतली, असंही लिहिलं.

टेंभुर्णीला जाऊन आले. वेल्डरच्या बायकोची दोन वर्षं उलटून गेलीत. उशीर का झाला ते कोर्टाला पटवलं तर दावा अजून घेतात, ते तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उठून आत गेली. परत आली नाही. मी अंगणात उभी राहिले, शेवटी हे सगळं लिहून नेलेला कागद उंबऱ्यावर ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि निघाले. कुर्डुवाडीवाल्याचे अजून काही महिने शिल्लक आहेत. रविवारी तिकडं जायचंय. बाकीची नावं मला पाठ आहेत. एकेका दारात जाणार, शिव्या दिल्या तर खाणार, कागद देऊन येणार.

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. उलटतपासणी साहेबच घेतील. मी त्यांना नऊ वर्षं बघितलंय, काय विचारणार ते मला माहीत आहे. तेव्हा खोटं बोललात की आता? मी सांगणार, तेव्हा. मग म्हणतील, एकदा खोटं बोललेल्या बाईवर कोर्टानं विश्वास कशाला ठेवायचा? नका ठेवू, म्हणणार. रिपोर्ट वाचा. ती टाकी उघडून बघा. त्या दिवशी पॅकिंगला कोण कोण होतं त्यांची हजेरी मागवा, एकेकाचं आडनाव मोठ्यानं वाचा आणि मुकादमाला विचारा, बबनलाच का उतरवलं. ते झालं की माझ्यावर खटला भरा. मी तिथंच उभी असेन.